आईच्या नावची विडी

आमच्या घरात बाबांना यायची परवानगी होती, त्यांच्या खाकी सदऱ्याला नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या सामाईक गॅलरीत, आमच्या दाराला लागून, एक भलामोठा खिळा होता. ड्यूटीवरून आलं की बाबांनी तिथेच उभं राहून गणवेश उतरवायचा, खिळ्याला टांगायचा आणि मगच उंबरा ओलांडायचा, हा आईचा कायदा. लुंगी मी आतून हात लांब करून द्यायचे. अख्ख्या मजल्याला हा सोहळा पाठ होता. सरकारी गणवेश असा उघड्यावर लटकत राहायचा, पण इतक्या वर्षांत एकदाही चोरीला गेला नाही. घाटकोपरला, आमच्या पंतनगरात, चोरांची टंचाई होती अशातला भाग नाही. पण तुरुंगातल्या शिपायाचा सदरा न्यायला त्यांनाही जड जात असणार.

कायद्याचं कारण होतं विडीचा वास. तोही एखाद-दुसऱ्या विडीचा नाही. तो सदरा खिळ्यावरून नुसता हलला तरी गॅलरीत चार म्हातारे येऊन बसल्यासारखं वाटायचं. आणि बाबांचं म्हणणं असं की त्यांनी जन्मात विडीला हात लावलेला नाही.

"अगो, मी ओढणंय नाय," ते लुंगी गुंडाळता गुंडाळता म्हणायचे.

"देवान माका नाक दिल्यान हा," आई आतून म्हणायची. "काय शोभेक?"

दोघंही मालवणकडची. बाहेर ती मुंबईचं मराठी बोलायची, भांडायला मात्र गावची बोली काढायची, जशी पाहुण्यांसाठी ठेवणीतली कपबशी काढतात. हे भांडण लग्न झाल्यापासूनचं होतं. आई त्यांचे खिसे तपासायची. खिशात विडी सापडायची नाही, काडेपेटी सापडायची नाही, तंबाखूची पूडही नाही. यावरून दुसऱ्या कोणी माणूस निर्दोष आहे असा निष्कर्ष काढला असता. आईने काढला तो असा की हा गडी सराईत आहे.

मी कोणाच्या बाजूची होते? आईच्या. बापाच्या अंगाला वास येतो आणि बाप नाही म्हणतो, यात सोळा वर्षांच्या मुलीने नाकावर विश्वास ठेवला. हे लिहिताना मला आजही लाज वाटते.

बाबा कोणत्या तुरुंगात होते ते सांगत नाही. एखादा माणूस आत गेला की तो तिथली हवा खायला गेला असं आपण म्हणतो. हा शब्दप्रयोग ज्याने काढला तो नक्की आत राहून आलेला असणार, कारण बाबा सांगायचे त्यावरून ती हवा नाकाने घेण्यातली नव्हतीच, ती चावूनच खावी लागे. "कैद्यांना शिक्षा म्हणून खावी लागते," ते म्हणायचे, "मला पगार देऊन खायला घालतात."

त्यांची जागा दोन बराकींच्या मधल्या बोळात होती. बोळाच्या दोन्ही टोकांना लोखंडी दारं, वर पत्रा आणि दोन्ही बाजूंच्या बराकींच्या जाळ्या बोळातच उघडणाऱ्या. इंग्रजांनी बांधताना माणूस पळून जाऊ नये एवढीच काळजी घेतली होती. धुराबद्दल त्यांचा काही विचार नसावा, पण तोही पळू शकत नव्हता. बराकीत मावतील त्याच्या दुपटीने माणसं आणि त्या प्रत्येकाच्या तोंडात विडी. ती आत कशी येते हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी विचारत नसे. विडी दिली की केस कापून मिळत, विडी दिली की घरी पाठवायचं पत्र लिहून मिळे, भांडणं विडीवर सुरू होऊन विडीवरच मिटत. या सगळ्या व्यवहारांचा धूर जाळीतून बोळात यायचा आणि बोळात एका स्टुलावर आमचे बाबा बसलेले असायचे.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा कळत होतं ते एवढंच की बाबांना जिना चढवेनासा झालाय. ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं, बाबा पन्नाशीच्या आत होते. पहिल्या मजल्यावर विजेच्या मीटरची फळी होती. तिथे ते थांबायचे आणि मीटरवरचे आकडे वाचत असल्याचं नाटक करायचे. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "फारच जोरात फिरतोय बघा तुमचा." आमच्या इमारतीतली माणसं त्यांना वीजचोरी पकडणारे समजून थोडी जपून वागायला लागली होती. वारा देवनारकडून सुटला की कचरा जळण्याचा वास यायचा, मग खोकला वाढायचा आणि आई खिडकी लावून घ्यायची. त्या धुराबद्दल तिची कोणाविरुद्ध तक्रार नव्हती. तो सगळ्यांचा होता. विडी एकट्या बाबांची होती.

तुरुंगातल्या दवाखान्यात ते एकदा कंपाउंडरला दाखवायला गेले.

"रोज किती ओढता?" कंपाउंडरने विचारलं.

"एकही नाही."

"बरं," कंपाउंडर म्हणाला, "कमी करा."

हा संवाद बाबा आम्हाला अभिनयासकट करून दाखवायचे. मी हसायचे. आई हसायची नाही, कारण कंपाउंडरशी ती पूर्णपणे सहमत होती.

त्या वर्षी तुरुंगात कैद्यांनी नाटक बसवलं आणि कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना बघायला बोलावलं. विषय होता व्यसनमुक्ती. आईने ठेवणीतलं निळं पातळ काढलं, मला वेणी घालून दिली आणि आम्ही दोन बस बदलून गेलो. नाटक मैदानात व्हायचं होतं, पण मैदानात चिखल होता म्हणून सगळ्यांना हातमागाच्या शेडमध्ये बसवलं. पुढे खुर्च्यांवर साहेब आणि आम्ही, मागे जमिनीवर कैदी. शेडला खिडक्या होत्या, त्या वर छताजवळ आणि बंद. नाटकातला नवरा दारू पिऊन बायकोला मारत होता, मुलं टाहो फोडत होती, आणि मागून धुराचा एक थर सरकत सरकत आमच्या डोक्यावर येऊन थांबला. साहेबांनी मागे वळून बघितलं नाही. वळून बघितलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. शेवटी नवऱ्याने देवापुढे बाटली फोडली आणि सगळं व्यसन सोडलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून मागच्या लोकांनी विड्या दातांत धरल्या होत्या, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

बाहेर पडताना बाबांनी लांबून त्यांचा बोळ दाखवला. लोखंडी दारातून आतलं दुसरं टोक दिसत नव्हतं. आईला वाटलं आत चूल पेटवलीय. "नाही," बाबा म्हणाले, "रोज असंच असतं."

बाबांची ड्यूटी बाकी होती, आम्ही दोघी घरी आलो. शेजारच्या खोलीत साताऱ्याकडच्या मावशी राहायच्या. त्या गॅलरीत बसून मिश्री लावत होत्या, म्हणजे तंबाखूबद्दल अधिकाराने बोलायचा हक्क आमच्या मजल्यावर त्यांना एकटीला होता. आई त्यांच्यासमोरून गेली आणि मावशींचं दातांवरचं बोट थांबलं.

"आगं," त्या म्हणाल्या, "तू कवापास्नं वडाय लागलीस?"

 आई घरात येऊन पलंगावर बसली आणि तिने निळ्या पातळाचा पदर नाकाशी धरला. एका दुपारचं नाटक बघून आलेली बाई होती ती. तिच्या पदराला जो वास लागला होता तोच बाबांच्या सदऱ्याला लग्नापासून येत होता, तंतोतंत तोच. मी तिच्या समोर उभी होते. आम्हा दोघींना एकाच वेळी कळलं आणि आम्ही एकमेकींकडे बघायचं टाळलं.

संध्याकाळी बाबा आले, गणवेश खिळ्याला टांगला, लुंगी घेतली. आईने चहात आलं जरा जास्तच किसलं होतं. माफी वगैरे मागितली नाही. त्या काळच्या बायकांना नवऱ्याची बोलणी खायची सवय होती, त्याची माफी मागायची तेवढी नव्हती. कप पुढे करून तिने फक्त विचारलं, "थंय बसतास तुमी? रोज?"

"रोज."

"मग श्वास खंय घेतास?"

"घराक इल्यावर," बाबा म्हणाले आणि चहा प्यायले.

कायदा मात्र बदलला नाही. निर्दोष ठरला म्हणून वास काही कमी येत नव्हता. सदरा बाहेरच राहिला. पण त्या दिवसापासून आईने एकच गोष्ट डोक्यात घेतली, या माणसाला त्या बोळातून बाहेर काढायचं. तुरुंगाच्या बाहेरच्या गेटवर एक ड्यूटी होती. तिथे जांभळाचं झाड होतं, खाली खुर्ची होती आणि वर आभाळ. ती ड्यूटी मिळाली असती तर बाबांचा दम टिकला असता, एवढं सरळ होतं ते.

अर्ज मी लिहिला. मी अकरावीला होते, मराठीत मला चांगले गुण पडायचे आणि कचेरीची भाषा आपल्याला जमते असा माझा समज होता. दोन दिवस खपून मी लिहिलं की "सदर बोळातून धूर बाहेर जात नाही, तरी कर्मचाऱ्यास बाहेरील गेटची ड्यूटी मिळावी ही नम्र विनंती." 'सदर' आणि 'तरी' या दोन शब्दांचा मला फार अभिमान वाटला होता. आठवड्याभराने अर्ज परत आला. माझ्या वाक्याखाली लाल शाईची रेघ होती आणि समासात हेडक्लार्कचा शेरा: "धूर बाहेर जात नाही, ही बाब समाधानकारक. अर्ज दप्तरी दाखल."

मला आधी वाटलं थट्टा आहे. बाबांनी समजावलं की थट्टा वगैरे काही नाही, हेडक्लार्कला थट्टा येतच नाही. धूर भिंतीबाहेर दिसला तर रस्त्यावरचे लोक विचारणार आत काय जळतंय, वर्तमानपत्रवाले विचारणार विडी आत जाते कशी. धूर आतल्या आत राहतो म्हणजे बंदोबस्त चोख आहे. माझ्या अर्जाने बाबांच्या अडचणीचं जे वर्णन केलं होतं ते कचेरीच्या दृष्टीने प्रशस्तिपत्रक होतं. मी तो कागद रागाने चुरगळला. आईने तो सरळ करून गादीखाली ठेवला.

मग बाबा स्वतः हेडक्लार्कपुढे जाऊन उभे राहिले. त्याने सांगितलं, "डॉक्टरांचा दाखला आण. पण एक लक्षात ठेव, त्यात व्यसनाचा रकाना असतो. तिथे विडी लिहून आली तर विसरून जा. स्वतः ओढायची आणि वर गेटवर खुर्ची मागायची, असली मजा इथे चालत नाही."

म्हणजे आता सगळं एका रकान्यावर येऊन थांबलं होतं.

पालिकेच्या इस्पितळात आम्ही तिघं गेलो. बाबांना रजा मिळाली नव्हती, दोन तासांची सवलत मिळाली होती, त्यामुळे ते बोळातून उठून थेट गणवेशात आले. चूक तिथेच झाली. डॉक्टरीण तरुण होती, चेहऱ्यावरून हुशार वाटत होती. तिने छाती तपासली, पाठ तपासली, एक्स-रे उजेडात धरून बघितला आणि तोंड बारीक केलं. मग पुढे वाकली आणि तिला गणवेशाचा वास आला.

"विडी सोडावी लागेल, काका."

"ओढतच नाही, तर सोडू काय?"

ती हसली. अशी उत्तरं तिला दिवसातून पंचवीस वेळा मिळत असणार. तिने कागद पुढे ओढला. 'व्यसन' या शब्दापुढे तिचं पेन टेकलेलं मला दिसलं.

"ते ओढत नाहीत," आई म्हणाली.

"मावशी, मला वास येतोय."

"तो वास मला लग्नापासून येतोय, बाई. मी पण तेच म्हणायचे. ते ओढत नाहीत."

आईच्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण डॉक्टरणीने पेन उचललं. खरं सांगायचं तर बाबांचं म्हणणं ऐकून घेणारी ती बाहेरची पहिलीच व्यक्ती होती आणि मी तिला कधी नावं ठेवत नाही. ती म्हणाली, "दुसऱ्याच्या विडीच्या धुरानेही छाती बिघडते, असं आता म्हणायला लागलेत. जवळ कोण ओढतं?"

"तुरुंगात," बाबा म्हणाले.

"कोण तुरुंगात?"

"सगळेच."

"सगळेच असं मला कसं लिहिता येईल, काका? तिथलं मी बघितलेलं नाही, उद्या तुमच्या साहेबांनी विचारलं तर मी काय सांगू? मी घरचं विचारतेय. इथे एक माणूस लिहायचा असतो. घरात कोण ओढतं?"

घरात आम्ही तिघं. बाहेर रांग खोळंबली होती, नंबर पुकारणारा मामा दोनदा आत डोकावून गेला होता. पेन पुन्हा 'व्यसन' कडे निघालं. बाबांनी खोकायला रुमाल काढला.

"मी," आई म्हणाली.

डॉक्टरणीने तिच्याकडे बघितलं. मी बघितलं. बाबांचा खोकला अर्ध्यावर थांबला.

"तुम्ही विडी ओढता?"

"हो."

"रोज किती?"

इथे आई अडकली. विडी कुठल्या टोकाने पेटवतात हेसुद्धा जिला माहीत नव्हतं ती आकडा कुठून आणणार? तिने बाबांकडे वळून हळूच विचारलं, "किती सांगू?"

"एक बंडल," बाबा रुमालाआडून म्हणाले.

डॉक्टरणीने ते लिहून घेतलं. नंतरची पाच मिनिटं ती आईला रागावत होती. स्वतःचं नाही तर निदान नवऱ्याचं तरी बघा, पोरगी मोठी झालीय तिच्यासमोर हे काय, एवढ्या चांगल्या घरच्या बाई दिसता. आई मान खाली घालून सगळं ऐकत होती. जिने सगळ्या आयुष्यात तोंडात सुपारीचं खांडसुद्धा टाकलं नव्हतं ती म्हणाली, "सोडते, बाई." मला हसू फुटत होतं आणि त्याच वेळी रडू येत होतं. आई मला तेव्हा जेवढी आवडली तेवढी त्याआधी कधी आवडली नव्हती.

दाखला उत्तम झाला होता. व्यसन: नाही. त्रासाचं कारण: घरातील व्यक्तीचे (पत्नी) धूम्रपान. पेशंटला धुरापासून दूर ठेवावे. खाली सही, शिक्का. इतका स्वच्छ कागद घेऊन बाबा कचेरीत गेले की त्यांना वाटलं जांभळाच्या झाडाखालची खुर्ची आता आपलीच.

हेडक्लार्कने दाखला दोनदा वाचला. त्याला मनापासून आनंद झाला, असं बाबा सांगायचे. त्याच्या नोकरीत एवढा सोपा कागद त्याला मिळाला नव्हता. चार दिवसांनी लेखी उत्तर आलं. कर्मचाऱ्यास होणारा त्रास घरातील धुरामुळे असल्याचे वैद्यकीय दाखल्यावरून दिसून येते. सबब कर्मचाऱ्याने घरी कमीत कमी व ड्यूटीवर जास्तीत जास्त वेळ राहणे त्याच्या प्रकृतीस हितावह ठरेल. आतील ड्यूटी कायम.

मला कचेऱ्यांचा राग येतो तो तेव्हापासून. त्या कागदात एकही शब्द खोटा नव्हता, खोटं आमचं होतं. बाबा निवृत्त होईपर्यंत त्याच बोळात, त्याच स्टुलावर बसले. निवृत्तीनंतर जेमतेम दोन वर्षं राहिले आणि ती दोन्ही वर्षं खिडकीपाशी बसून काढली. शेवटच्या आजारपणात प्रत्येक नवा डॉक्टर जुना कागद उघडायचा आणि आईकडे बघून विचारायचा, "सोडली का?" आई दर वेळी सांगायची, सोडली.

पण हे पुढचं. ते उत्तर आलं त्या संध्याकाळी बाबांनी गॅलरीतच उभं राहून आम्हाला ते वाचून दाखवलं, हेडक्लार्कच्या आवाजात. 'हितावह' शब्दावर त्यांना हसू आवरेना. हसता हसता खोकला आला, तो थांबेना, मग ते भिंतीला टेकून खाली बसले. मावशी पाणी घेऊन धावल्या. मी सवयीने लुंगी धरून दारात उभी होते.

आई हसली नाही आणि रडलीही नाही. बाबांचा श्वास जाग्यावर आला तशी ती बाहेर गेली, खिळ्यावरून खाकी सदरा काढला, झटकला आणि घरात आणला. दारामागच्या खुंटीवर तिचं निळं पातळ लटकत होतं. त्याच्याच शेजारी तिने तो टांगला.

"अगो, घरात वास येतलो," बाबा उंबऱ्यापलीकडून म्हणाले.

"येवंदे," आई म्हणाली. "माझ्याच विडयेचो वास ना तो? भायर कित्याक टांगूचो?"